धरणगावात नजर मोजायची तर

१९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले आणि त्यात सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. हा मुलगा १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावात जन्मला होता. त्याची निसर्गाकडे बघण्याची नजर पुढे साऱ्या महाराष्ट्राने ओळखली, आणि नंतरच्या कवितांतली खोल उदासीही. ५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रेल्वे अपघातात बालकवी गेले, तेव्हा त्यांना अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. ती उदासी कुठून आली, यावर समीक्षकांनी शंभर वर्षे लिहिले. आधार एकच, कवीने मागे ठेवलेले शब्द.

शब्दांवाचून माणसाच्या मनाचा ठाव घेता येईल का, हा प्रश्न त्याच काळात दूरवर दोघांना पडला होता. अमेरिकेतल्या मिडलटाउन गावी मनोरुग्णांचे सरकारी रुग्णालय होते आणि त्याच गावात वेस्लियन विद्यापीठ. रुग्णालयातले डॉक्टर अ‍ॅलन डीफेनडॉर्फ आणि विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रेमंड डॉज यांनी १९०८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. डॉजने आधीच एक कॅमेरा बनवला होता. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावरून परावर्तित होणारा प्रकाश खाली सरकणाऱ्या फोटोच्या काचेवर पडे आणि डोळा हलला की काचेवर रेघ उमटे. दोघांनी रुग्णांपुढे लंबक झुलता ठेवला आणि त्याच्यावर नजर ठेवायला सांगितले. निरोगी माणसाची रेघ लंबकाबरोबर सलग वळत गेली. आज ज्याला आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या आजाराच्या रुग्णांची रेघ मात्र तुटक निघाली. डोळा मागे पडायचा, मग झटक्याने उडी मारून लंबकाला गाठायचा, पुन्हा मागे पडायचा.

ही उडी समजून घेतली की पुढचे बरेच सोपे होते. आपल्याला समोरचे सगळे दृश्य एकसारखे स्पष्ट दिसते असे वाटते, पण ते खरे नाही. दृष्टिपटलाच्या मध्यावरचा एक बारीकसा भागच तपशील टिपतो. हात लांब करून अंगठा समोर धरला तर त्याच्या नखाएवढी जागा तेवढी त्या भागात मावते. म्हणून डोळा सेकंदाला साधारण तीनदा एका जागेवरून दुसरीकडे उडी घेतो आणि दोन उड्यांच्या मध्ये सेकंदाचा चौथा-पाचवा हिस्सा थांबतो. उडीच्या वेळी मेंदू दृश्य जवळपास बंदच ठेवतो. आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. कुठे थांबायचे, किती वेळ थांबायचे आणि पुढची उडी कुठे घ्यायची हे निर्णय दिवसाकाठी लाखाच्या वर होतात, आणि त्यातले फारच थोडे आपण जाणूनबुजून घेतो. मन तपासणाऱ्याला डोळ्याचे आकर्षण आहे ते यासाठीच. प्रश्नावलीत माणूस विचार करून उत्तर देतो. नजरेच्या उड्यांवर एवढा ताबा कुणाचाच नसतो.

सोव्हिएत संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी हे फार सुंदर दाखवले. चित्रकार रेपिनचे एक प्रसिद्ध चित्र आहे: हद्दपारीतून परतलेला माणूस अचानक घरात पाऊल टाकतो आणि घरचे चकित होऊन बघतात. यार्बुस यांनी हे चित्र एकाच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारून पुन्हा पुन्हा दाखवले. या लोकांची वये काय असतील असे विचारले की नजर चेहऱ्या-चेहऱ्यावरून फिरे. घरची सांपत्तिक स्थिती विचारली की सामानसुमानाकडे जाई. चित्र एक, डोळे तेच. मनातला प्रश्न बदलला की नजरेची वाट बदलली. त्यांचे पुस्तक १९६७ मध्ये इंग्रजीत आले आणि या शास्त्राचा पाया ठरले.

आजचे यंत्र डॉजच्या यंत्राचे वंशज आहे. डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश चेहऱ्यावर टाकतात. त्याचा एक चमकता ठिपका डोळ्याच्या पृष्ठभागावर उमटतो. कॅमेरा हा ठिपका आणि बाहुलीचा मध्य यांच्यातले अंतर मोजत राहतो. सुरुवातीला पडद्यावरच्या ठराविक बिंदूंकडे बघायला लावतात, म्हणजे कोणत्या अंतराचा अर्थ कोणती दिशा हे यंत्राला कळते. साधी यंत्रे सेकंदाला साठ मोजमापे घेतात, प्रयोगशाळेतली हजार-दोन हजार.

असे एक यंत्र मुंबईत पवईला फार कल्पकतेने वापरले गेले. आयआयटी मुंबईत पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांचे विद्यार्थी अभिजित मिश्रा, दिप्तेश कनोजिया यांनी वाचकांना उपरोधिक आणि सरळ अशी दोन्ही प्रकारची इंग्रजी वाक्ये वाचायला दिली आणि त्यांची नजर टिपली. उपरोधात वाक्याचा पहिला भाग एक सांगतो आणि शेवट त्याला छेद देतो. उपरोध ध्यानात आलेल्या वाचकाची नजर त्या जागी अडखळते, मागे जाते, आधीचे शब्द पुन्हा चाचपते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात वाचकाला उपरोध कळला की नाही, याचा अंदाज केवळ नजरेवरून बांधायचा प्रयत्न होता आणि त्याला चांगले यश आले. तोंडाने काही विचारण्याआधीच, मनात अर्थ लागला की नाही याची चाहूल बाहेर येते, हे मला विलक्षण वाटते.

पण नजर मागे वळण्याची कारणे अनेक असतात. उपरोध कळला म्हणून वळते, तशीच अवघड शब्द आला, लक्ष उडाले, चष्म्याचा नंबर चुकला म्हणूनही वळते. पवईच्या प्रयोगात वाक्ये माहीत होती, वाचक माहीत होते, प्रकाश ठरलेला होता. म्हणून त्या वळण्याचा अर्थ लावता आला. यंत्र मोजते ती डोळ्याची हालचाल. अर्थ आपण लावतो, आणि तो लावण्यासाठी बाकीचे सगळे माहीत असावे लागते. दवाखान्यात हे विसरून कसे चालेल?

डीफेनडॉर्फ-डॉज यांचे काम पासष्ट वर्षे जवळजवळ विस्मरणात गेले. १९७३ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलिप होल्झमन यांनी लंबकाचा प्रयोग नव्याने केला आणि तीच तुटक रेघ त्यांना पुन्हा मिळाली. पुढच्या वर्षी त्यांनी रुग्णांच्या आई-वडिलांना, भावंडांना लंबकापुढे बसवले. त्यांतल्या जवळपास निम्म्या जणांची रेघही तुटक आली, आणि ही माणसे आजारी नव्हती. आनुवंशिकतेच्या अभ्यासाला यामुळे मोठी चालना मिळाली. रोगनिदानासाठी मात्र ही अडचणीची गोष्ट होती. रेघ तुटक म्हणून माणूस आजारी असे म्हणायची सोय राहिली नाही. शिवाय थकवा, दारू, झोपेची आणि फिटची औषधे यांनीही नजरेचा पाठलाग तुटक होतो.

२०१२ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनच्या संशोधकांनी पाठलाग, स्थिर नजर आणि चित्रे बघण्याची पद्धत अशा तीन चाचण्या एकत्र करून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण आणि निरोगी माणसे ९८ टक्के अचूकतेने वेगळी केली. बातमी जगभर गाजली. आता हा आकडा एखाद्या गावात आणून बघू. समजा तीस हजार वस्तीचे गाव आहे आणि सगळ्यांची चाचणी केली. हा आजार साधारण तीनशेत एकाला असतो, म्हणजे गावात शंभर रुग्ण. यंत्र त्यातले अठ्ठ्याण्णव बरोबर पकडेल. उरलेल्या २९,९०० निरोगी माणसांत ते दोन टक्के चुकेल, म्हणजे ५९८ जणांना आजारी ठरवेल. एकूण ६९६ जणांच्या नावापुढे खूण पडेल आणि त्यातला सातामागे एकच खरा रुग्ण असेल. बाकी सहा जण चांगले धडधाकट. लहान गावात अशी खूण गुप्त राहत नाही. मुलीचे लग्न जमत असताना, भावांत वाटणी चालू असताना त्या खुणेची किंमत काय असेल, हे खानदेशातल्या वाचकाला सांगायला नको. दवाखान्यात, जिथे आधीच शंका घेऊन माणूस आला आहे, तिथे तीच चाचणी उपयोगी पडू शकते, कारण तिथे रुग्णांचे प्रमाण मुळातच जास्त असते.

नैराश्याच्या बाबतीत खुणा आणखी पुसट असतात. पडद्यावर एकाच वेळी हसरा, उदास, रागीट आणि निर्विकार चेहरा दाखवतात आणि नजर कुठे किती थांबते हे मोजतात. नैराश्यातली माणसे सरासरीने उदास चेहऱ्यावर जास्त वेळ थांबतात, आणि हसऱ्या चेहऱ्यावर निरोगी माणसांपेक्षा कमी. चिंतेने ग्रासलेल्यांची नजर पहिल्यांदा धमकावणाऱ्या चेहऱ्याकडे झेपावते. हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आढळले आहे. पण ही गटांची सरासरी आहे. दोन्ही गटांतली निम्मी-अधिक माणसे एकमेकांत मिसळलेली असतात, त्यामुळे समोर बसलेल्या एका माणसाबद्दल त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. बालकवींच्या नजरेची रेघ हाती असती, तरी त्यांच्या उदासीचा उलगडा त्या रेघेने झाला नसता, असे मला वाटते. फार तर उदासी केव्हा गडद झाली, केव्हा फिकी झाली, एवढे कळले असते. खरे तर हाच उपयोग मला सर्वांत आश्वासक वाटतो: एकाच माणसाची तुलना त्याच्याच गेल्या महिन्याशी करणे, औषध लागू पडते आहे का हे बघणे.

आता बाहुलीकडे येऊ, कारण खानदेशात बाहुलीची गोष्टच निराळी होते.

१९६६ मध्ये डॅनियल काहनेमन आणि जॅक्सन बीटी यांनी लोकांना आकडे ऐकवले आणि लक्षात ठेवायला सांगितले. एकेक आकडा वाढला तशी बाहुली रुंदावत गेली. मग माणूस आकडे परत म्हणू लागला, आणि एकेक आकडा ओझ्यातून उतरला तशी ती आकसत आली. मनावरचा भार बाहुलीत उमटतो हे इतक्या स्वच्छपणे दुसऱ्या क्वचितच प्रयोगात दिसले असेल. भीती, उत्सुकता, ताण यांनीही बाहुली रुंदावते. मात्र हा बदल फार लहान, बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आतला असतो. प्रकाशाने बाहुली दोन मिलिमीटरपासून आठपर्यंत बदलते. मे महिन्याच्या उन्हातून घराच्या अंधाऱ्या खोलीत आलेल्या माणसाच्या बाहुलीवर मनाचा ठसा वाचायचा तर आधी त्याला बराच वेळ शांत बसवावे लागेल आणि खोलीतला उजेड मोजून ठेवावा लागेल.

उजेडाहूनही मोठा घोटाळा करते फवारणी. धरणगाव कापसाचे गाव आहे, जिनिंगचे गाव आहे. कपाशीवर मारल्या जाणाऱ्या कीटकनाशकांत प्रोफेनोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधे असतात. शरीरात अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन नसांचे संदेश स्नायूंना पोहोचवते आणि काम झाले की एक विकर ते मोडून टाकते. ही कीटकनाशके त्या विकराला निकामी करतात. रसायन साचत जाते, बाहुली आवळणारा स्नायू आखडून राहतो आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. विषबाधेचा रुग्ण आला की डॉक्टर पहिल्यांदा बाहुली बघतात ती यासाठी. उतारा म्हणून दिलेले अ‍ॅट्रोपीन तिला उलट रुंद करते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. जीव जाण्याइतकी बाधा होत नाही, पण डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधुक होते, मळमळते, असे कितीतरी जण ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दिवसांत संध्याकाळी घरी येतात. त्यांच्या बाहुलीवरून मनाचा भार मोजू पाहणारे यंत्र खरे पाहता कपाशीवरचे औषध मोजत असेल. त्यात गुंता असा की कीटकनाशकांच्या दीर्घ संपर्काचा नैराश्याशी संबंध दाखवणारे अभ्यासही शेतकऱ्यांमध्ये झाले आहेत. म्हणजे एकच कारण बाहुलीही बिघडवते आणि मनही. थंड, प्रदूषणविरहित प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांवर बेतलेल्या मापांना हे कसे कळणार?

डोळ्यांच्या रंगाचीही अडचण येते. स्वस्तातला उपाय म्हणून मोबाइल आणि टॅबलेटचा साधा कॅमेरा वापरायचे प्रयत्न चालू आहेत, आणि खेड्यात पोहोचेल ते तेच. पण साध्या उजेडात आपल्या गडद तपकिरी डोळ्यांत बाहुलीची कड नीट दिसत नाही. अवरक्त प्रकाशात ती ठळक होते, निळ्या डोळ्यांत साध्या उजेडातही दिसते. शिवाय उन्हात राबणाऱ्या माणसांत मोतीबिंदू आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पुढे चढणारा मांसल पडदा जास्त. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवलेली कृत्रिम भिंगे यंत्राला खोटे चमकते ठिपके दाखवतात. ही माणसे यंत्राच्या नोंदीतून “माहिती अपुरी” म्हणून गळतात आणि गळतात ती नेमकी म्हातारी, गरीब, शेतावरची. माझा आग्रह आहे की नजर मोजणारे कोणतेही यंत्र इथे आणण्याआधी इथल्या निरोगी माणसांची नजर मोजली जावी: शेतकरी, जिनिंगमधले मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, शाळकरी मुले, फवारणीच्या आधी आणि नंतर. हे कंटाळवाणे काम आहे, त्याची बातमी होत नाही. त्यावाचून पुढचा एकही आकडा विश्वासाचा नाही.

चेहरे दाखवून केलेल्या चाचण्यांबद्दल एवढेच की पडद्यावरचे चेहरे बहुतेक वेळा परक्यांचे असतात, आणि कुणाकडे किती रोखून बघावे हे माणूस घरात शिकतो. मोठ्यांपुढे नजर खाली ठेवायची शिस्त जिला लहानपणापासून लागली, तिची नजर परक्या पुरुषाच्या चेहऱ्यावर थांबली नाही तर तो आजार नव्हे. तीच गोष्ट खोटे बोलण्याची. नजर चोरणारा खोटा, हा समज आपल्याकडे घट्ट आहे, पण प्रयोगांत या खुणेचा काही भरवसा राहिलेला नाही.

यंत्राचे एक बळ मात्र मनापासून मान्य केले पाहिजे. त्याला भाषा लागत नाही. नैराश्याच्या छापील प्रश्नावल्या प्रमाण मराठीत असतात, आणि घरीदारी अहिराणी बोलणारी बाई “तुम्हाला निराश वाटते का” या प्रश्नाला नाही म्हणते. ती डॉक्टरकडे येते ती झोप लागत नाही, छातीत धडधडते, हातपाय गळाल्यासारखे होतात म्हणून. तिच्या दुःखाला शब्दांवाचून वाट मिळत असेल तर ते साधन हाताळून बघायलाच हवे. देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, आणि आहेत तेही शहरांत. तालुक्याच्या ठिकाणी कुणाला आधी पाठवायचे हे ठरवायला चाळणी लागते, आणि नजरेची चाचणी तशी चाळणी होऊ शकेल. सध्या धरणगावातून कुणालाही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करून समुपदेशकाशी बोलता येते. ही सोय १० ऑक्टोबर २०२२ पासून आहे.

यंत्राला चाळणीऐवजी न्यायालयातला साक्षीदार बनवले तर काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात मेंदूतल्या विद्युतलहरींच्या चाचणीला पुराव्यात स्थान दिले आणि जगभरातल्या शास्त्रज्ञांनी त्यावर चिंता व्यक्त केली. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सांगितले की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या माणसाच्या संमतीविना करता येणार नाहीत. नजरेचे यंत्र त्या यादीत नव्हते. पण नजर टिपायला डोक्यावर तारा लावाव्या लागत नाहीत. दुकानातला पडदा, परीक्षेचा संगणक, कंपनीचा लॅपटॉप, कुणीही ती न विचारता टिपू शकतो. म्हणून माझ्या मते न्यायालयाने मांडलेला मनाच्या खासगीपणाचा विचार इथे आणखी कडकपणे लागू व्हायला हवा.

हे तंत्र आपल्या भागात सर्वांत आधी कुठे यावे असे कुणी विचारले तर मी लहान मुलांचे नाव घेईन. २०१३ मध्ये वॉरन जोन्स आणि अमी क्लिन यांनी दाखवले की ज्या बाळांना पुढे स्वमग्नता असल्याचे निदान झाले, त्यांची समोरच्याच्या डोळ्यांकडे बघण्याची ओढ सुरुवातीला ठीक असते आणि दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान उतरू लागते. अमेरिकेत १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी नजरेवर आधारलेल्या यंत्राला २०२२ मध्ये सरकारी मान्यता मिळाली. आपल्याकडे गोव्यात १९९६ साली सुरू झालेली संगाथ ही संस्था, दिल्लीचे एम्स आणि इंग्लंडमधले रेडिंग विद्यापीठ यांनी मिळून स्टार्ट नावाचे टॅबलेटवरचे ॲप तयार केले. दिल्ली परिसरातल्या गरीब वस्त्यांत घरी जाऊन, तज्ज्ञ नसलेल्या आरोग्यसेविकांनी ते मुलांसमोर धरले. पडद्याच्या एका बाजूला माणसे, दुसऱ्या बाजूला फिरत्या आकृत्या. मूल कुठे बघते हे टॅबलेटचाच कॅमेरा टिपतो. सोबत फुगे फोडणे, रंग भरणे असे खेळ असतात आणि त्यांतून हाताची हालचालही मोजली जाते. एकट्या नजरेवर भिस्त न ठेवता चार गोष्टी एकत्र बघायचा हा शहाणपणा मला या कामात फार मोलाचा वाटतो.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांत जातात. धरणगाव तालुक्यातल्या अंगणवाडीत असा टॅबलेट याच पथकाच्या हाती देता येईल. चाचणीत खूण आली तर मुलाला पुढे पाठवण्याची वाट याच कार्यक्रमात आखलेली आहे, ती जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रापर्यंत जाते. म्हणून टॅबलेट घेण्याआधी त्या केंद्रात वाचा-उपचार करणारी आणि मुलांशी खेळत काम करणारी माणसे नेमली जावीत. त्यांच्याकडे मुलाची तारीख पंधरा दिवसांच्या आत लागली पाहिजे, आणि आईचा एसटीचा खर्च आणि बुडालेली मजुरी भरून निघाली पाहिजे. एवढे झाले की मग यंत्र विकत घ्यावे.